पाठमोरे अब्बा

अब्बा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. गेले म्हणजे वारले, असं मला म्हणता येत नाही, कारण ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. दुपारी जेवण झालं, त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. अम्मी भांडी घासत होती. तिला वाटलं, दुकानात गेले असतील. ते दुकानात पोचले नाहीत आणि घरी परत आले नाहीत.

भवानी पेठेत त्यांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तेव्हा पुण्यात सायकल नसलेला माणूस विरळा, त्यामुळे दुकान बरं चालायचं. वाकडं झालेलं चाक सरळ करण्यात त्यांचा हातखंडा होता. चाक फिरवायचे, एका डोळ्याने बघायचे, एखादी तार पिळायचे, पुन्हा फिरवायचे. हे काम ते रस्त्याकडे पाठ करून करायचे, उजेड चाकावर पडावा म्हणून. शाळेतून येताना मला लांबूनच त्यांची पाठ दिसायची. मळकट बनियन, मानेवरचा घाम, डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा खाली. मी हाक मारली की मग वळायचे. त्यांचा चेहरा आता मला फोटोतलाच आठवतो. पाठ मात्र फोटोशिवाय आठवते.

जाण्याआधीचं वर्षभर ते आजारी होते, पण त्या आजाराला आमच्या घरात नाव नव्हतं. दुकान बंद राहायला लागलं. अब्बा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवण समोर ठेवलं तर ठेवलं, नेलं तर नेलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, सावली पडली आहे. दंडाला ताईत आला, पाणी फुंकून आणलं गेलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून माझे मोठे चाचा त्यांना एका डॉक्टरकडे घेऊन गेले. मला एवढंच माहीत होतं. उरलेलं कळायला तीसेक वर्षं जावी लागली.

ते गेल्यावर पोलिसांत कळवून झालं, दर्गे पालथे घालून झाले, चाचा मिरजेपर्यंत जाऊन आले. अम्मीने बांगड्या उतरवल्या नाहीत, विधवेची इद्दत पाळली नाही. घरात कुणी बोलता बोलता अब्बांबद्दल ‘होते’ म्हणालं, तर ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, “आहेत.”

मला शोधायची सवय लागली. कुणी लावली नाही, आपोआप लागली. मंडईत, बसस्टॉपवर, ईदच्या गर्दीत मी माणसांच्या पाठी बघत चालायचे. डावा खांदा खाली असलेला माणूस दिसला की पाय भराभर पडायचे. पुढे जाऊन वळून पाहायचं, दुसराच चेहरा बघायचा आणि पुन्हा आपल्या वाटेला लागायचं. मी शिकले, शाळेत भूगोल शिकवायला लागले, लग्न झालं, धायरीत फ्लॅट घेतला, अम्मी आमच्याकडे राहायला आली. या सगळ्यात ती सवय सुटली नाही. कुणाला सांगितलीही नाही. माझे यजमान विमा कंपनीच्या ऑफिसात कारकून, सरळ माणूस. इतकी वर्षं संसार केला, तरी आपली बायको रस्त्यात कुणाकडे बघत चालते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चाळिशी ओलांडली आणि मुलगी शिकायला नाशिकला गेली, त्या वर्षी ते शोधणं वाढलं. आधी झोप गेली. मग भूक. मग साध्या गोष्टी जड झाल्या. दोरीवरची ओढणी काढायची म्हणून गॅलरीत जायचे आणि दोरीखाली उभी राहायचे. रस्त्यात तर दर दुसरी पाठ अब्बांची वाटायला लागली. पूर्वी पाहायचे आणि सोडून द्यायचे. आता मी अनोळखी माणसांच्या मागे बसमधून उतरायला लागले. एकदा स्वारगेटला उतरायचं सोडून कुणामागे तरी कात्रजपर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. शाळेत उशिरा पोचले. बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, घड्याळाकडे बघून विचारलं, “काय, भूगोलाची सहल होती का?” मी हसायला गेले आणि रडू फुटलं ते थांबेचना.

यजमानांना शाळेत बोलावून घेतलं गेलं. दोन दिवसांनी ते मला टिळक रोडवरच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. बाई साठीच्या, पांढरी वेणी, बोलणं मोजकं. त्यांनी खूप प्रश्न विचारले. घरात आधी कुणाला असा त्रास होता का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. अब्बांबद्दल मी एका वाक्यात सांगितलं, की वडील लहानपणी गेले.

“गोळी लगेच काम करत नाही,” बाई म्हणाल्या. “पहिले काही दिवस उलट त्रास वाटेल. मळमळेल, अस्वस्थ वाटेल, झोप बिघडेल. तीन-चार आठवडे धीर धरा. मात्र जिवाचं बरंवाईट करावं असा विचार आला, नुसता डोकावला तरी, मला लगेच कळवायचं. लाजायचं नाही.” मग यजमानांकडे वळून म्हणाल्या, “हे तुम्हालाही सांगतेय. नुसतं पेपर वाचत बसू नका.”

यजमानांनी ते फारच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या विचारायचे, “आज कसं? दहापैकी किती?”

“मी काय उत्तरपत्रिका आहे?” मी म्हणायचे.

“बरं, मग काठावर पास धरतो,” ते म्हणायचे आणि चहा टाकायला आत जायचे.

पहिले दिवस बाईंनी सांगितल्यासारखेच गेले. तोंडाला कोरड, पोटात ढवळणं, आत कुणीतरी येरझाऱ्या घालतंय असं वाटणं. भलता विचारही एकदा आला. भर सकाळी, भाजी चिरताना. मी सुरी खाली ठेवली आणि यजमानांना सांगितलं. त्यांनी ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि त्या बाईंनाही फोन लावला. बाईंनी दुपारीच बोलावलं, गोळी थोडी कमी केली, पुढच्या आठवडाभर रोज फोन करायला सांगितला. तेवढ्यावर ते निभावलं. महिन्याभराने मला वरणाला चव लागली. मग झोप आली. मग एके दिवशी वर्गात मान्सूनच्या वाऱ्यांवर बोलताना माझ्या लक्षात आलं, की मी अर्धा तास नुसती वाऱ्यांवरच बोलते आहे, दुसरं काहीच मनात नाही.

सगळे खूश होते. अम्मी गप्प होती, पण ती तशी नेहमीच गप्प. रोज सकाळी मी गोळी घ्यायचे तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. मला वाटायचं, पाणी द्यायला उभी आहे.

पुढे पाचसहा महिन्यांनी एका दुपारी मी लक्ष्मी रोडवर कापड घ्यायला गेले होते. दिवाळी जवळ आली होती, रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खरेदी आटोपून मी अलका चौकापर्यंत चालत आले आणि तिथे एकदम थांबले. एवढा रस्ता, एवढी माणसं, आणि मी एकाही पाठीकडे पाहिलं नव्हतं. अब्बा समोरून गेले असते तरी मला कळलं नसतं. मी वळून गर्दीकडे पाहिलं. सगळी नुसती माणसं होती.

मला त्याची फार भीती वाटली. वाटलं, आता त्यांना शोधणारं या शहरात कुणीच उरलं नाही. अम्मी घराबाहेर पडत नव्हती, चाचा वारले होते, राहता राहिले मी. आणि मीही त्यांना सोडून दिलं, एका गोळीपायी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायले आणि गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी बजावलेलं आठवत होतं: बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, थांबवायची वेळ आली की आपण मिळून थांबवू. पण मला बरं वाटलं म्हणून मी बंद करतच नव्हते. मला ते परत हवे होते.

आणि ते आले.

आधी शरीर बिनसलं. मान वळवली की डोक्यात चर्रकन काहीतरी चमकून जायचं, ट्यूबलाइट लागता लागता लुकलुकते तसं. जिना उतरताना पायाखालची पायरी हलायची. विनाकारण रडू यायचं आणि विनाकारण संताप. फळा नीट पुसला नाही म्हणून मी एका मुलीवर असं ओरडले की वर्ग पांढराफटक पडला. झोप लागायची ती स्वप्नांनी गच्च भरलेली. स्वप्नात अब्बा चाक फिरवत असायचे, पाठमोरे. मी हाक मारायचे. ते वळायला लागायचे, खांदा हलायचा, आणि मी जागी व्हायचे. जाग आली तरी चाकाचा आवाज चालूच असायचा. एका सुट्टीच्या दुपारी डोळा लागला होता तो उघडला, तर ते आमच्या गॅलरीत बसलेले. ऊन पाठीवर. बनियनची शिवण खांद्यावर उसवलेली, तीसुद्धा दिसली. मी उठून बसले तेव्हा गॅलरीत कुंडी होती आणि दोरीवर कपडे होते.

मी यजमानांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी दहापैकी किती विचारलं की आठ म्हणायचे.

त्या रविवारी आम्ही दोघं मार्केट यार्डात कांदे-बटाटे घ्यायला गेलो. तिथे सकाळी काय कल्लोळ असतो ते पुणेकरांना सांगायला नको. हमाल पोती घेऊन “बाजू, बाजू” करत धावत असतात, टेम्पो मागे येत असतात. यजमान एका गाळ्यासमोर कांदा पारखत होते. मला गाळ्यांच्या मधल्या बोळातून एक पाठ जाताना दिसली. बनियन, मानेवर घाम, डावा खांदा खाली. मी पिशवी तिथेच टाकली.

ते भराभर चालत होते. मी मान वळवली की डोक्यात वीज चमकायची, म्हणून मान न वळवता, फक्त त्या पाठीकडे बघत मी चालत राहिले. कोबीच्या पाल्यावरून पाय सरकला, कुणीतरी शिवी दिली. बोळ संपला तिथे मी ओरडले, “अब्बा!” त्याच वेळी उजव्या बाजूने एक टेम्पो मागे येत होता. कुणीतरी माझा दंड धरून मला मागे खेचलं. टेम्पो माझ्या चपलेवरून गेला, पाय तेवढा वाचला.

तो पुढचा माणूस आरडाओरड्याने वळला. हमाल होता. पस्तिशीचा असेल, फार तर. माझ्यापेक्षा लहान.

तेव्हा मी पहिल्यांदा हिशोब केला. अब्बा असते, तर सत्तरीच्या पुढे गेलेले असते. काठी टेकत असते, वाकलेले असते. इतकी वर्षं मी ज्यांच्या मागे चालत होते ते सगळे जवान होते. अब्बा होते त्याच वयाचे राहिले होते आणि मी त्यांच्यापुढे निघून गेले होते.

“ताई, लागलं का?” तो हमाल विचारत होता. यजमान धावत आले. माझी एकच चप्पल आणि माझा चेहरा बघून त्यांनी तिथे काही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “गोळ्या घेतेस ना?”

“बंद केल्या.”

“कधी?”

“झाले आठ-दहा दिवस.”

“पण का? बरं चाललं होतं की.”

मी सांगितलं. लहानपणापासूनचं सगळं, पाठी, कात्रजचा बाक, लक्ष्मी रोड. धायरी येईपर्यंत मी बोलत होते. ते रस्त्याकडे बघत ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “मला सांगायचं होतंस. दोघांनी शोधलं असतं.”

घरी येऊन मी बिछान्यावर पडले. बाहेरच्या खोलीत यजमान अम्मीला काय झालं ते सांगत होते. अम्मी आत आली, माझ्या पायाशी बसली. आमच्या घरची बोली वेगळी, पण ती जे बोलली ते मी इथे मराठीतच लिहिते.

“त्यांच्याही गोळ्या होत्या,” ती म्हणाली.

मी उठून बसले.

“चाचा घेऊन गेले होते ना डॉक्टरकडे, तेव्हा दिल्या होत्या. मी रोज देत होते. दोनेक महिन्यांत फरक पडला. दुकान उघडायला लागले, तुला सायकलवरून फिरवून आणलं, आठवतं? मग मीच म्हटलं, आता बास. बरा झालेला माणूस कशाला औषध खाईल? लोकांना कळलं तर वेड्याची मुलगी म्हणतील तुला. मी गोळ्या मोरीत टाकल्या.”

“मग?”

“मग ते पुन्हा बिघडले, पण वेगळे. पूर्वी नुसते पडून असायचे. आता एका जागी बसवत नव्हतं. डोकं गरगरतंय म्हणायचे, आत कुणीतरी ढवळतंय म्हणायचे. घाम यायचा, रडायचे. मला वाटलं, ती सावलीच परत आली. मी पाणी फुंकून आणलं. आणि मग त्या दुपारी ते गेले.”

ती रडत नव्हती. माझ्या पायावरची चादर सारखी करत होती.

“तू गोळ्या घ्यायला लागलीस तेव्हापासून मी रोज दारात उभी राहून बघत होते. तू बंद केल्यास तेही मला पहिल्या दिवशीच कळलं. बोलायचं होतं. पण बोलले तर ते सगळंच सांगावं लागलं असतं. आज तू टेम्पोखाली गेली असतीस.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टर बाईंकडे गेलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “स्वतःच्या मनाने बंद केल्यात. उत्तम. चपलेवर निभावलं.” मग चष्मा काढून मऊ आवाजात म्हणाल्या, “हे जे डोक्यात चमकतंय, स्वप्नं पडतायत, रडू येतंय, हे गोळी एकदम तोडल्यामुळे बहुतेक. मूळ आजार असा दोन-चार दिवसांत उसळून येत नाही सहसा, तो हळूहळू येतो. शरीराला सवय झालेली असते, त्याला वेळ द्यावा लागतो. गोळी आपण पुन्हा सुरू करू. निदान पुढचे काही महिने तशीच चालू ठेवू. आणि नंतर उतरवू, अगदी सावकाश. मी सांगेन तसं.”

मग मी त्यांना बंद करण्याचं खरं कारण सांगितलं.

“हे मला आधी कळायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “तुमचे वडील काढून घ्यायला मी गोळी दिली नव्हती. यापुढे दर भेटीत आधी त्यांच्याबद्दल बोलायचं. औषधाचं नंतर.”

निघताना अम्मी खुर्चीवरून उठलीच नाही. तिने विचारलं, “डॉक्टरसाहेब, मी त्यांना घालवलं का?”

बाई म्हणाल्या, “आजी, मी त्यांना पाहिलेलं नाही. कुठली गोळी होती, मला माहीत नाही. म्हणून हो म्हणणार नाही आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाहीही म्हणणार नाही. पण त्या काळात तुम्हाला हे कुणी समजावून सांगितलं होतं का, की एकदम बंद करू नका म्हणून?”

“नाही.”

“मग तुम्हाला जेवढं माहीत होतं तेवढं तुम्ही केलंत.”

अम्मीने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

गोळी पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात ती वीज थांबली. पुढच्या उन्हाळ्यानंतर बाईंनी गोळी उतरवायला घेतली. थोडी कमी करायची, तशीच काही आठवडे ठेवायची, त्रास झाला तर तिथेच थांबायचं, मग पुन्हा थोडी कमी. माझी समजूत अशी की शेवट सोपा असेल. शेवटच सर्वात अवघड गेला. अर्ध्यावरून पाव गोळीवर येताना पुन्हा चर्रकन चमकायला लागलं, बाईंनी मागची मात्रा दिली आणि म्हणाल्या, “घाई कुणाला आहे? तुमची बस सुटतेय का?” जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षभर मी त्यांच्यासमोर बसून अब्बांबद्दल बोलत होते. घरी येऊन अम्मीशी बोलत होते. अम्मीने मला सांगितलं, की ते शिट्टी फार छान वाजवायचे. मला हे माहीतच नव्हतं.

गोळी पूर्ण थांबल्यानंतरच्या शब-ए-बरातला अम्मीने रव्याचा हलवा केला. घरातल्या मयतांच्या नावाने आम्ही त्या दिवशी फातिहा देतो. आजोबांचं नाव, आजीचं, चाचांचं. दरवर्षी एवढीच नावं असायची. यजमान नावं घेत होते. चाचांचं नाव झालं आणि ते थांबले, तेव्हा अम्मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाली, “त्यांचंही घ्या.”

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी अम्मीकडे पाहिलं. संध्याकाळ व्हायला आली होती, खिडकीतून सिंहगड रोडच्या गाड्यांचे आवाज येत होते. यजमानांनी अब्बांचं नाव घेतलं. आमच्या घरात ते नाव त्या यादीत पहिल्यांदाच आलं. माझ्या मनात आलं, आत्ता या घटकेला ते कुठेतरी जिवंत असले, एखाद्या गावी पायरीवर बसलेले असले, तर? आपण हे काय करतोय? मी हात पसरलेलेच ठेवले. शब्द ओठांवर होते, ते कुणासाठी आहेत हे मला ठरवता येईना.

दुआ संपल्यावर अम्मीने हलव्याचा एक चमचा तोंडात घातला, थोडा वेळ तोंडात धरून ठेवला.

“साखर कमी पडली,” ती म्हणाली, आणि शेजाऱ्यांसाठी वाट्या भरायला घेतल्या.